दोन फळ्या

“...म्हणजे गाडी विकल्याशिवाय मला इथे राहता येणार नाही?”

शर्वाणी उभ्यानेच विचारत होती. बस म्हटलं होतं, तरी बसली नव्हती.

गिरीबाबा मठाच्या ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. उत्तर सदानंदने दिलं. तो बाबांचा जुना शिष्य. बारा वर्षं मठात होता, मठाची शाळा तोच बघायचा.

“ताई, आमच्या पोरांच्या पायांत चपला नाहीत. तुम्ही लाल स्पोर्ट्स कारमधून उतरणार आणि त्यांना साधेपणा शिकवणार?”

“साधेपणा नाही. गणित शिकवणार आहे.”

बाबांच्या हातातली शेंग कटकन मोडली.

“आणि ही गाडी मी कुणाला लुबाडून घेतलेली नाही,” शर्वाणीचा आवाज चढला. “आठवीत असताना हिचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. परदेशात शिकले, तिथे चार वर्षं राबले. परत आल्यावर जुनी, बंद पडलेली घेतली आणि स्वतःच्या हातांनी चालू केली. तिथली नोकरी सोडली, घर सोडलं. आता हीसुद्धा सोडली तरच मी खरी... हे कुणी ठरवलं?”

“कुणी ठरवलं?” बाबांनी विचारलं.

“सगळ्यांच्या नजरांनी.”

“मग नजरांना उत्तर द्यायला आलीस, की मला विचारायला?”

ती ओसरीच्या पायरीशी आली.

“तुम्हाला विचारायला. साताऱ्याचे एक जण गाडी घ्यायला तयार आहेत. आत्ता दुपारी त्यांचा फोन येईल. हो म्हणू की नाही, ते सांगा. पण बाबा, लोकांना बरं दिसावं म्हणून मी विकणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.”

सदानंदने डोळे मोठे केले. बाबांशी असं कुणी बोलत नसे.

“बरं,” बाबा म्हणाले. “गाडीत फळ्या असतात ना तुझ्या? घेऊन ये.”

शर्वाणीचा चेहरा पडला.

हमरस्त्यापासून मठापर्यंतची वाट गावातून येते. तिच्यावर पाच स्पीडब्रेकर. गाडी इतकी बुटकी, की प्रत्येकावर तिचं पोट घासायचं. मग थांबायचं, उतरायचं, वाकून चाकांपुढे फळ्या लावायच्या, गाडी हळूच पलीकडे काढायची, पुन्हा उतरून फळ्या उचलायच्या. गेले काही महिने ती रोज मठात येत होती; पाच वेळा येताना, पाच वेळा जाताना. मठाच्या दारात आली की ती फळ्यांवर चादर टाकून ठेवायची.

“त्या कशाला, बाबा? रोज गावभर तमाशा होतो माझा त्यांच्यापायी.”

“आण.”

तिने आणल्या. बाबांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि फळ्या मांडीवर आडव्या घेतल्या. कडेवरून बोट फिरवलं.

“ही जुनी दिसते.”

“ती शेवंतामावशींची. दुसऱ्या ब्रेकरपाशी राहतात. माझी मोडली, तेव्हा त्यांनी गोठ्यातली काढून दिली. म्हणाल्या, ‘माझ्या म्हशीला नको, तुझ्या म्हशीला घाल.’”

“आणि हे रबर?”

“युसूफचाचांनी ठोकलं. पंक्चर काढतात ते. फळी सारखी घसरायची. ‘एवढं शिकून एक खिळा मारता येत नाही व्हय?’ म्हणून अर्धा तास हसत होते.”

“चौथ्या ब्रेकरला काय आहे?”

“हापसा. तिथे मला फळी उचलूच देत नाहीत, पाणी भरणाऱ्या बायाच उचलतात. रखमाक्का तर लांबून गाडीचा आवाज ऐकून कळशी खाली ठेवतात. परवा त्यांची सून बाळंत झाली. मुलगी आहे. त्या म्हणाल्या, नाव तू सुचव.”

“सदानंदा,” बाबा म्हणाले, “शेवंता कोण रे?”

सदानंदची मोटारसायकल दारात उभी होती. रोज त्याच वाटेने, त्याच पाच ब्रेकरवरून कुठेही न थांबता टणाटण उडत जायची-यायची.

“दुसऱ्या ब्रेकरपाशी ना? ...उजव्या हाताचं घर असेल.”

“डाव्या,” शर्वाणी म्हणाली.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजू लागला.

“त्यांचाच असणार. बाबा, काय सांगू?”

बाबा उठले. दोन्ही फळ्या त्यांनी तिच्या हातांत दिल्या. जड होत्या, तिचे दोन्ही हात अडकले.

फोन वाजत राहिला.

फळ्या खाली ठेवता आल्या असत्या. तिने ठेवल्या नाहीत. छातीशी घट्ट धरून ती बाबांकडे बघत उभी राहिली.

फोन थांबला.

“म्हणजे... गाडी ठेवायची?” सदानंदला राहवेना. “मठात? असली गाडी?”

बाबांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. एक शेंग निवडली.

“तूही एक घे,” ते म्हणाले. “अशीच. बुटकी.”