जगदेवरावांचे जाहीर आभार

जगदेवराव निकमांच्या खाणीत सुरुंग उडाला की टेकडीखालच्या सोनजाईवाडीत दगड येऊन पडायचे. कुणाची कौलं फुटायची, कुणाचा रांजण. तक्रार नेली की जगदेवराव हसायचे, "माझ्या खाणीतला दगड तिथवर जाईलच कसा?"

शेवटी अंगणवाडीच्या शेवंताबाईंनी भांडण सोडलं. पडलेले दगड गोळा करून त्यांनी अंगणवाडीला कुंपणाची भिंत घालून घेतली आणि दगडांचे दाते म्हणून जगदेवरावांचाच सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे होते खाणसुरक्षा अधिकारी.

गळ्यात हार पडताच जगदेवराव फुलून गेले. "असा अस्सल काळा दगड माझ्याच खाणीत निघतो! पंचक्रोशीत दुसरीकडे दाखवा!"

मग शेवंताबाई आभार मानायला उठल्या. "मालकांचे उपकार किती सांगू? दगड मागावा लागला नाही, आणायला ट्रॅक्टर लागला नाही. सुरुंग उडाला की आपणहून छपरातून घरात यायचा."

अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चला जगदेवराव, आधी खाण दाखवा."

खाणीचं तोंड वाडीच्या उलट दिशेला फिरवलं गेलं. सुरुंगाच्या भोकांत दारू बेतानं पडू लागली, वर बारीक खडी घट्ट ठासली जाऊ लागली आणि सगळी भोकं एकदम न उडता ओळीओळीनं उडू लागली.

पुढच्या वर्षी त्याच भिंतीपाशी कार्यक्रम झाला. जगदेवराव समोरच बसले होते. शेवंताबाईंनी हात जोडले. 

"यंदा मालकांनी वाडीला एकही दगड दिला नाही. त्यांचे मनापासून आभार."