न सुटलेली बाही

जपानातल्या एका डोंगराळ गावात गेंता नावाचा एक लाकूडतोड्या राहत होता. अंगात रेड्याची ताकद, पण धीर म्हणाल तर चिमूटभर. ज्युदो शिकायचं, हा एकच ध्यास त्याने घेतला होता.

गुरुजींनी त्याला आधी काय शिकवलं असेल? पडायला! चटईवर पडायचं, हात आपटायचा, उठायचं, पुन्हा पडायचं. पडायला का शिकवणी लागते, म्हणून गेंता मनातल्या मनात चरफडला. पण गुरुजींपुढे बोलायची कुणाची टाप होती? मग डाव आले. गुरुजींनी सांगितलं, जोडीदाराला पाडायचं खरं, पण तो जमिनीला टेकेपर्यंत त्याची बाही धरून ठेवायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. गेंताला हसूच आलं. पाडायचंच आहे, तर सांभाळायचं कशाला?

त्याचा जोडीदार साकिची. सोयाबीनचं पनीर विकणारा, अगदी काडीपैलवान, पण स्वभावाने लोणी. एके दिवशी गेंताने त्याला असा भिरकावला की बाही सुटली आणि बिचाऱ्याचा खांदा निखळला.

 त्या दिवसापासून गेंतासमोर कुणी उभंच राहीना. तो एकटाच हवेशी झटापट करायचा. आता हवेवर का डाव टाकता येतो? एवढी ताकद, पण शिकणं पार ठप्प झालं. त्याला रडू यायचं, आणि साकिचीची आठवण त्याहून जास्त यायची.

खांदा बरा होऊन साकिची परतला, तेव्हा गेंता त्याच्यासमोर गुडघे टेकून वाकला.

"चुकलो मी. आज तू मला पाड," असं म्हणून त्याने डोळे गच्च मिटले. आता हा उट्टं काढणार, याची त्याला खात्रीच होती.

साकिचीने डाव टाकला. भलामोठा गेंता हवेत गेला आणि धप्पकन चटईवर आला. पण कुठे काही लागलंच नाही. डोळे उघडून पाहतो तर काय, त्याची बाही साकिचीच्या मुठीत होती! नुकत्याच बऱ्या झालेल्या खांद्याने त्याचा भार पेलताना साकिची घामाघूम झाला होता.

"सोडली का नाहीस?" गेंताने विचारलं.

"तुला मोडून ठेवलं, तर उद्या मी शिकू कुणाबरोबर?"

गेंताचे डोळे भरून आले. पुढे त्याच्या हातून कितीतरी जण पडले. बाही मात्र एकाचीही सुटली नाही.

तात्पर्य: ज्याच्या सोबतीने आपण शिकतो, त्याला जपावं, त्याला इजा करून आपली विद्या वाढत नाही.