कधीच न कुजणारा दोर

फार पूर्वी, जपानमधल्या एका गावात भाताच्या खाचरांच्या मधोमध एक शिंतो देऊळ होतं. देवळाच्या दारावर भाताच्या पेंढ्याचा जाडजूड पवित्र दोर बांधलेला असे. तो वर्षभरात कुजायचा, म्हणून दर सुगीला सगळं गाव अंगणात जमून नवा दोर वळायचं. कोणी पेंढा कुटायचं, कोणी पीळ द्यायचं, आणि गप्पा अशा रंगायच्या की देवाचीही झोपमोड होत असावी.

बघता बघता गावाचं शहर झालं. खाचरं गेली, दुकानं आली. पेंढा लांबून आणायचा, घरोघरी निरोप द्यायचे, यात म्हातारा पुजारी मेटाकुटीला आला. तेव्हा एका कापडाच्या व्यापाऱ्याने पितळेचा दोर घडवून दिला.

"बुवा, हा कधीच कुजायचा नाही!"

"सुटलो बाबा एकदाचा!" पुजारी म्हणाला आणि खुशाल पाय पसरून झोपला.

पितळ लखलखत राहिलं, देऊळ मात्र ओस पडलं. सुगीला कोणी फिरकेना. शेजारी शेजाऱ्याला ओळखेना. शेवटी एक दिवस नगराचा अधिकारी आला.

"इथे तर चिटपाखरूही दिसत नाही. पुढच्या महिन्यात देऊळ पाडून रस्ता काढू."

आपण काय करून बसलो, हे पुजाऱ्याला कळलं. त्याने पितळेचा दोर उतरवला, दूरच्या खेड्यातून गाडीभर पेंढा आणता आणता महिना उलटला, मग तो अंगणात एकटाच दोर वळायला बसला. एक टोक धरलं की दुसरं उलगडे. शेवटी तो स्वतःच त्यात गुरफटला.

रस्त्याने जाणारी टोफूवाली खो खो हसली. "अहो बुवा, हे काय एकट्याचं काम आहे? द्या इकडे टोक!"

तिला पाहून सुतार आला, त्याची पोरं आली. व्यापारी आला तो पितळेसाठी भांडायला, पण दोर बघून त्याला राहवेना. "अरे, पीळ उलटा देताय!" म्हणत त्याने बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात अधिकारी मजूर घेऊन हजर झाला. पुजाऱ्याचा जीव टांगणीला लागला. टोफूवाली मात्र कडाडली, "नुसते उभे काय राहिलात? धरा हे!"

अधिकाऱ्याने गोंधळून टोक धरलं. आता सोडावं तर सगळ्यांची मेहनत उलगडणार! बिचारा संध्याकाळपर्यंत धरून उभा राहिला, आणि तोवर सगळ्यांशी त्याची गट्टी जमली.

दोर दारावर चढला, तेव्हा पुजाऱ्याने भीत भीत विचारलं, "साहेब, रस्त्याचं काय?"

"जाईल की पलीकडून," हात चोळत अधिकारी म्हणाला. "तुम्ही आधी हे सांगा, पुढच्या सुगीला मी किती वाजता यायचं?"

तात्पर्य काय, तर ज्याला सगळ्यांचे हात लागतात, तेच सगळ्यांना आपलं वाटतं.