हळदकुंकवाचा राऊटर

शिवदासचा दादा वारला आणि महिन्याभरात त्याच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला राऊटर जळाला. नेट नसलं तर दादाचं दुकान बंदच करावं लागणार. शिवदास तडक चौगुल्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला आणि त्याने स्वस्तातला जुना राऊटर मागितला.

"जुन्याचा काय भरवसा?" चौगुले रुबाबात म्हणाले. "तुझा दादा असता तर नवाच नेला असता. माझं नेट बघ, कधी अडकत नाही."

शिवदासने भिंतीकडे पाहिलं. चौगुल्यांच्या राऊटरवर कितीतरी दसऱ्यांचं हळदकुंकू वाळून बसलं होतं.

"मग काका, नवा तुम्ही लावा. हा बिनभरवशाचा मी नेतो."

चौगुल्यांनी कपाटातून तसलाच जुना राऊटर काढून दिला.

संध्याकाळी दादाच्या दुकानात नेट सुरू झालं. दसऱ्याची वाट न बघता शिवदासने राऊटरला कुंकू लावलं.