चार हात कमी साडी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. साळवाडीच्या म्हाताऱ्यांना ती त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितली, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलेलीच होती.

तेव्हा साळवाडीत घरटी एक माग होता. जमिनीत मांडीभर खोल खड्डा, खड्ड्यात विणणाऱ्याचे पाय, पोटासमोर कापड गुंडाळायचा जाड दांडा, आणि त्या दांड्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत ताणलेले हजारो उभे धागे, म्हणजे ताणा. एरवी मागावर पुरुष बसत. पण नदीकाठच्या काठाईला दरवर्षी जत्रेत जी साडी नेसवायची, ती मात्र घरच्या सुनेनं विणायची. एकेका वर्षी एकेका घराची पाळी. जिनं पहिला धोटा टाकला, म्हणजे पहिला आडवा धागा ओवला, तिनंच शेवटचा टाकायचा. आणि साडी पुरी होईपर्यंत त्या धाग्यांना पातं लावायचं नाही. लावलं तर ते घर गावातून उठलं म्हणून समजा.

त्याच गावात, म्हणजे गावकुसाबाहेर, कोंडाई राहायची. सुईण होती. असं म्हणतात की ती पोटावर तळहात ठेवायची आणि आतलं पोर त्या हाताकडं तोंड फिरवायचं. तोंडाची मात्र फाटकी. सरपंच नाही, पाटील नाही, सगळ्यांना एकाच मापानं मोजायची. बाळंत होणाऱ्या बाईला ती कधी गप्प बस म्हणाली नाही. बोंब मार, म्हणायची, गाव बहिरं होऊ दे. कुणाच्याही घरात पोर काढायला तिचे हात चालायचे. पण त्याच घरातल्या मागाला त्या हातांचा विटाळ व्हायचा. पोर निघालं की तिनं मागच्या दारानं जायचं. माणसं तेव्हाही अशीच होती, आपल्या सोयीपुरती सोवळी.

एका वर्षी साडीची पाळी भिमाप्पाच्या घरावर आली. भिमाप्पा म्हणजे गावातला नावाजलेला विणकर, बोलायला कमी, हाताला पक्का. त्याची सून सुंद्रा पोटुशी होती, पहिलटकरीण. साडी अठरा हातांची. सुंद्रानं चौदा हात विणले तेव्हा तिला नववा सरत आला होता आणि जत्रा आठ दिवसांवर होती. सासू तुळसा म्हणाली, दोन दिवस टेक गं. सुंद्रा म्हणाली, चार हातच राहिलेत आत्याबाई, तेवढं उरकते. पोर झाल्यावर महिनाभर बाजेवरून उठता यायचं नाही, मग देवीला काय नेसवायचं? सासूलाही ते पटलं. विणकराच्या घरात काम अर्धं टाकलेलं कुणाला बघवत नाही, तीच त्यांची खोड.

पुनवेच्या आधीच्या मंगळवारी सुंद्रा उजाडतानाच मागावर बसली आणि तिच्या कमरेत पहिली कळ आली. तिला वाटलं, बसून बसून पाठ धरली. थोड्या वेळानं दुसरी आली. मग तिसरी. तिला कळायला लागलं, पण ती कुणाला बोलली नाही. कळ आली की ती आडवा धागा ठोकायची फणी घट्ट ओढून धरायची, कळ ओसरली की धोटा टाकायची. असं म्हणतात की त्या साडीच्या शेवटच्या वीतभर कापडात ते सगळं दिसत होतं. चार ओळी सैल, एक ओळ दगडासारखी घट्ट. पुन्हा चार सैल, एक घट्ट. मग तीन सैल, एक घट्ट. मग एकामागून एक घट्टच.

न्याहारी झाली तरी ती उठली नाही. दुपार कलायला लागली तेव्हा तिची पाणमोट फुटली आणि खड्ड्यात पाणी झालं. तेव्हा कुठं तिनं सासूला हाक मारली.

तुळसानं तिला उठवायला हात दिला. बाळंतिणीची खोली झाडून, गोवऱ्या पेटवून तयार होती. पण सुंद्राला उठवेना. पाठीमागं खड्ड्याची कड, पोटासमोर दांडा, आणि मधे ती अशी गच्च बसलेली. वर ओढलं की तिच्या मांड्या लटलटायच्या आणि ती किंचाळायची. नवरा सुताला परगावी गेलेला. तुळसा तशीच अनवाणी गावकुसाबाहेर धावली.

कोंडाई आली. मागाच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली, कारण आत देवीची साडी होती. तिथूनच तिनं सुंद्राचा चेहरा पाहिला आणि अडलेल्या बाळंतपणाला जे करतात ते करायला सांगितलं. घरातलं जे जे बांधलेलं असेल ते सोडायचं. तुळसानं कुलपं काढली, पेट्या उघडल्या. दावणीची जनावरं सोडली. आडाचा दोर सोडला, धान्याच्या पोत्यांची तोंडं सोडली, सुंद्राची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडाही सोडला. शेजारच्यांनी आपापल्या घरातही तेच केलं. म्हशी गल्लीतून मोकाट फिरायला लागल्या, पोरं त्यांच्या मागं. गावात त्या दुपारी एकही गाठ शिल्लक नव्हती, असं सांगतात.

तरी सुंद्रा सुटेना.

ज्या बाईनं सोसलंय तिला काही सांगायला नको, पण ज्यांनी नाही सोसलं त्यांच्यासाठी सांगते. सुंद्राला आता कळ येते आणि जाते असं राहिलंच नव्हतं. कमरेत कुणी पहार घालून उचकटावं तसं होत होतं. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती. तिच्या ध्यानात दिवस राहिला नव्हता, घर राहिलं नव्हतं. फक्त पायाखालची ओली गार माती तेवढी कळत होती, आणि पोटाला रुतणारा दांडा. पोर खाली यायला बघत होतं, पण तिला ना पुढं वाकता येत होतं, ना गुडघे फाकवता येत होते. शेवटी तिनं ओरडायचंही सोडलं. कोंडाईला ओरडणाऱ्या बाईची कधी भीती वाटली नाही. गप्प झालेल्या बाईची वाटायची.

कोंडाई उंबऱ्यावरून फिरली आणि अंगणात गेली. भिमाप्पा तिथं तोंड फिरवून बसला होता. सुनेच्या बाळंतपणात सासरा आणखी काय करणार? ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भिमाप्पा, घरात एक गाठ ऱ्हायलीय. तुला ठावं हाय कुठं."

 तो म्हणाला, दांडा सोडवून काढतो, दोन प्रहर लागतील.

"दोन प्रहर तिच्यापाशी न्हाईत. एक तर ताणा काप, न्हाईतर तिरडीला बांबू काप. कायतरी एक काप, पर उठ."

आता समजून घ्या की तो कुणी दुष्ट माणूस नव्हता. पण त्या साडीला पातं लावायचं म्हणजे उद्या गाव पाणी भरू देणार नाही, विस्तव देणार नाही. त्याच्या आज्यानं, बापानं आणि त्यानं जन्म घालवून जे नाव कमावलं ते एका फटक्यात जाणार. भिमाप्पा उठला. वळचणीचा विळा काढला. सुनेकडं बघायचं नाही ही रीत, म्हणून त्यानं डोक्याचा पटका डोळ्यांवर ओढला आणि चाचपत आत गेला. आपल्या घरातला माग कुठं आहे हे कळायला त्याला डोळे लागत नव्हतेच.

विळ्याचा गारवा धाग्यांना लागला तशी सुंद्रा भानावर आली. तिनं मान हलवली. "मामंजी, नका. चारच हात ऱ्हायलेत."

भिमाप्पा पटक्याआडून म्हणाला, "साडी परत इणता येती, पोरी."

आणि त्यानं विळा ओढला.

असं म्हणतात की ते हजारो धागे तुटले तेव्हा वीणेच्या सगळ्या तारा एकदम छेडाव्यात तसा आवाज झाला आणि तो नदीपलीकडं गेला. गावातले सगळे माग आपोआप थांबले. विणणाऱ्यांचे हात वरच्या वर राहिले. दांडा खळकन बाजूला पडला, आणि त्याच दमात सुंद्रा पुढं झुकली, खड्ड्यात उकिडवी बसली आणि तिनं अशी आरोळी दिली की मोकाट म्हशी जागच्या जागी थबकल्या.

गाठी सोडल्यानं बाई सुटते की नाही, मला विचारू नका. मला एवढंच कळतं की पोटासमोरचं लाकूड गेलं आणि बाईला वाकायला जागा झाली.

मग कोंडाई उंबरा ओलांडून आत आली. विटाळाबद्दल कुणी काही बोललं नाही. ती खड्ड्यात उतरली, सुंद्राचे हात आपल्या गळ्यात घातले आणि तिच्या कपाळाला कपाळ लावलं. तिच्या तोंडात पाणी सोडलं. फाटक्या तोंडाची ती बाई तेव्हा इतकं हळू बोलत होती की दाराशी उभ्या तुळसालाही ऐकू आलं नाही. काय बोलली ते सुंद्रानंही पुढं कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, माझी आई मेली तेव्हा मी दोन वर्षांची होते, पण त्या खड्ड्यात मला आई होती.

आग झाली, फाटल्यासारखं झालं, आणि मग एकदम मासळी हातातून निसटावी तसं काहीतरी निसटलं. घर गप्प. कोंडाईनं पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थोपटलं. आणि पोरगी रडली.

पुसायला हाताशी फडकं नव्हतं. कापलेल्या साडीचं टोक तेवढं होतं, जरीकाठाचं, सैल-घट्ट विणलेलं. त्यातच कोंडाईनं तिला गुंडाळलं आणि सुंद्राच्या छातीवर ठेवलं. सुंद्रा रडत नव्हती, हसत नव्हती. ती पोरीचं एकेक बोट सरळ करून बघत होती. दहाही बघून झाली तेव्हा तिनं खोल श्वास घेतला आणि म्हणाली, आत्याबाई, भूक लागली. आणि तुळसा तिथंच मटकन बसून हुंदके द्यायला लागली. भिमाप्पा अजून भिंतीशी पटका डोळ्यांवर ओढून उभा होता. पटका ओला झाला होता.

आठव्या दिवशी जत्रा भरली. भिमाप्पानं चौदा हातांची साडी धुऊन देवळात नेली. पंच म्हणाले, पातं लागलेली साडी नको आणि हे घरही नको. गुरव बिचारा भला होता. म्हणाला, एकदा नेसवून तर बघतो. काठाईची मूर्ती माणसाएवढी, उभी. त्यानं दोनदा नेसवली. दोनदा साडी गुडघ्यावर आली. लोक कुजबुजायला लागले.

कोंडाई चिंचेखाली उभी होती. तिच्या माणसांनी तिथंच उभं राहायचं असायचं. ती निघाली आणि सरळ गाभाऱ्यात गेली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायचं कुणी? पुढं उभ्या असलेल्या प्रत्येक बाप्याला तिनं जन्मल्याबरोबर पायाला धरून उलटं केलेलं होतं.

तिनं गुरवाच्या हातातून साडी घेतली आणि देवीशी अडलेल्या बाईशी बोलावं तसं बोलली. "बाई, साडी आखूड हाय. एका लेकरापायी आखूड झाली. आता हुबं ऱ्हाऊन भागायचं न्हाई. बस. लाजू नको, समद्याच बसत्यात."

आणि असं म्हणतात की दगडाचे गुडघे वाकले. काठाई उकिडवी बसली, बाळंत होणारी बाई बसते तशी. साडी तिला पुरून पदर उरला.

शिकलेले लोक येतात आणि सांगतात, मूर्ती पहिल्यापासून तशीच असणार. असेल. मग तेव्हापासून तिला नेसवायला कोंडाईच्या घरच्याच बायका गाभाऱ्यात का जातात, ते त्यांनी सांगावं.

आता साळवाडीत खड्ड्याचे माग राहिले नाहीत. विजेवर चालणारे आहेत, त्यांचा खडखडाट दिवसभर असतो. पण सुनेला कळा सुरू झाल्या की घरातला सासरा बटण बंद करतो, टॉवेल डोळ्यांवर ओढतो आणि मागावर असेल ते कापड वीतभर कापतो. त्याला कोंडाईचा काप म्हणतात. दवाखान्याची गाडी दारात उभी असली तरी आधी काप होतो, तो सुनेच्या हातात देतात, मग गाडी निघते. पोर पहिल्यांदा त्यातच घेतात. एका घरचा माग थांबला की शेजारचा थांबतो, मग त्याच्या शेजारचा, आणि पोर झाल्याचा निरोप येईपर्यंत सगळं गाव गप्प असतं. परक्याला वाटतं, वीज गेली.

आणि काठाईची साडी दरवर्षी सून विणते. चौदा हात झाले की उठते. राहिलेले चार हात आजवर कुणी विणलेले नाहीत.