वेशीवरच्या मूर्तीची कंबर

विषय : भिक्षू उत्तिय यांचा, दिवसाकाठी केवळ मूठभर भाजलेल्या जवांवर राहण्याची अनुज्ञा मिळण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त अर्जात तपश्चर्या हे कारण नमूद आहे. विहाराच्या तळ्याकाठी उभे राहून अर्जदार पाण्यात आपल्या पोटाचा सपाटपणा न्याहाळत असतात, हे नमूद नाही. परवा ते तिथेच भोवळ येऊन पडले. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, त्यांना जवळ बसवून पूर्वजन्मीची ही हकीकत सांगितली.

कुंभावती नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्मला. त्याचे नाव नागिल. नगरीचा मल्ल भद्रसाल याने परमुलखातल्या साऱ्या मल्लांना चीतपट केले, म्हणून राजाने त्याची मूर्ती वेशीवर उभारायला सांगितली. नागिलने काम हाती घेतले आणि ऐन कमरेपाशी दगडात चीर निघाली. चीर जाईपर्यंत त्याला आत आत कोरत जावे लागले. मूर्ती उभी राहिली तेव्हा तिची कंबर डमरूसारखी झाली होती.

"काय कंबर आहे!" लोक म्हणाले.

"दगडाला चीर होती हो," नागिल म्हणाला.

"आणि विनय बघा किती!"

त्या दिवसापासून कुंभावतीत एक रीत पडली. तालमीत शिरण्याआधी जो तो मूर्तीच्या कमरेचे माप सुतळीने घेई आणि ती सुतळी आपल्या कमरेला लावून बघे. टोके कुणाचीच जुळत नसत. ज्याची मूर्ती होती, त्याचीही जुळेनात. तेव्हा भद्रसालाने चारचौघांत शपथ घेतली, की या मूर्तीहून आपली कंबर जाड आहे तोवर अन्नाला शिवणार नाही. चारचौघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना घरी जाऊन जेवायचे होते.

एके सकाळी भद्रसालाची बायको उत्पला नागिलच्या दारात आली.

"नागिलदादा, तुमच्या दगडानं माझा माणूस खाल्ला. येऊन बघा तरी."

नागिल गेला आणि उंबऱ्यातच थिजला. उधळलेला बैल शिंगे धरून जागी बसवणारा तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. दंडांची कातडी लोंबत होती. ओठ फुटले होते. डोळे खोल गेले होते, आणि त्या खोल डोळ्यांत आनंद होता! पाण्याचा तांब्या उचलायला त्याला दोन्ही हात लागले, तरी तांब्या सांडलाच.

"दोनच बोटं उरलीत, दादा," तो शाबासकीची वाट बघत म्हणाला.

"अरे, तिथे दगडाला चीर होती!"

"तुम्ही असंच म्हणणार."

"वैद्य काय म्हणाले?"

"पेज पोटात गेली नाही, तर उद्याचा दिवस दिसत नाही," उत्पला म्हणाली.

"मग घे की पेज."

"शपथ मोडून? मेलो तरी चालेल, दादा. बांधा तर राहील."

आजवर त्याने पुष्कळ दगड फोडले होते. दगडाने माणूस फोडलेला तो प्रथमच बघत होता.

त्याच दुपारी राजा त्याला मूर्तीपाशी राजशिल्प्याची मानाची वस्त्रे देणार होता. नागिलने मळलेला चुना घेतला, वेशीला शिडी लावली आणि भर बाजारात मूर्तीच्या कमरेवर थापायला सुरुवात केली. कंबर भरली. मग पोट आले. मग ते पुढे आले. खरेदी-विक्री थांबली; लोक तोंड उघडे टाकून बघत राहिले. राजा वस्त्रे घेऊन आला, आणि वेशीवर ढेरी सुटलेला वीर बघून जागीच थांबला.

"नागिला," तो ओरडला, "मूर्ती बिघडवलीस!"

"बिघडली होती, महाराज. दुरुस्त केली."

"ते पोट काढ, नाहीतर ही वस्त्रं विसर."

"विसरलो, महाराज."

राजा तणतणत परतला. शेजाऱ्यांनी भद्रसालाला खाटेवर घालून वेशीपाशी आणले. नागिलने नवे माप घेऊन सुतळी त्याच्या कमरेला गुंडाळली. टोके जुळून वर वीतभर सुतळी उरली.

"शपथ पुरी झाली. आता जेव."

भद्रसालाने ती ढेरी बघितली आणि हमसून रडला. "मला ती कंबर हवी होती हो, दादा."

"हवी होती ती दगडाची. लागते ती ही वाटीभर पेज."

उत्पलाने पेज पाजली. वाटी रिकामी झाली तेव्हा कुठे तिने डोळे पुसले. भद्रसाल वाचला. दुसऱ्या दिवसापासून कुंभावतीतले तरुण पोट सुटावे म्हणून तूप पिऊ लागले, तो भाग वेगळा.

"त्या वेळचा भद्रसाल म्हणजे हा उत्तिय," शास्ते म्हणाले. "उत्पला म्हणजे रोज याच्या पात्रात भात वाढणारी आणि तो तसाच परत आलेला बघणारी उपासिका. राजा धृतवर्मा म्हणजे धान्य वाचेल म्हणून या अर्जावर खूश असलेला आपला भांडारी. आणि नागिल पाथरवट तो मीच." मान सोडून माणूस राखण्याची ही जी बुद्धी, तिला प्रज्ञापारमिता म्हणतात.

कथा संपल्यावर भिक्षू उत्तिय यांनी पेज घेतली. अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.