मुंग्यांची जीभ

फार पूर्वी एका बांधावरच्या वारुळात काही मुंग्या दाणे आणत, तर काही दारात बसून परतणाऱ्यांच्या अंगावरची बुरशी चाटून काढत. पावसाआधी कोठार भरायचे होते. तेव्हा मुकादमीण मुंगी दारातल्या मिरीला म्हणाली, “मिरे, नुसती जीभ चालवतेस. उद्यापासून तुम्ही सगळ्याजणी शेतात!”

“आणि अंगं कोण चाटणार, मुकादमबाई?”

“जिचं तिनं चाटावं!”

“मानेमागे जीभ पोचते का, बघा बरं!”

मुंग्या खुदकन हसल्या, पण हुकूम तो हुकूमच. तीन दिवस कोठार भराभर भरले. चौथ्या दिवशी दोघी वाटेतच बसल्या. सहाव्या दिवशी निम्मी रांग बुरशीने पांढरी पडून आडवी झाली. आत कोठारापाशी बसलेली मुकादमीण चक्रावली. वाट तीच, शेतात दाणेही तेवढेच, मग कोठार का भरेना? बघायला निघाली, तर तिचाच पाय उचलेना.

मिरी धावत आली आणि तिला चाटू लागली.

“आज किती दाणे आणलेस?” मुकादमिणीने सवयीने विचारले.

“एकही नाही,” मिरी म्हणाली. “उद्या तुम्ही आणाल. आता हलू नका.”